मुलांच्या चामखिळी, थुजाच्या गोळ्या आणि श्रेयाचा प्रश्न

मुलाच्या बोटावर चामखीळ दिसली की सल्ल्यांना तोटा राहत नाही. आजी म्हणते, घोड्याच्या शेपटीचा केस बांध. शेजारच्या काकू चुना लावायला सांगतात. आणि शाळेच्या गेटवर कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, थुजा द्या. आमच्या मुलीच्या दोन महिन्यांत गळून पडल्या." हा लेख या शेवटच्या सल्ल्याबद्दल आहे. तो देणारे पालक थाप मारत नसतात. मुलीला होमिओपॅथीच्या गोळ्या दिल्या हे खरं असतं आणि चामखिळी गेल्या हेही खरं असतं. पण त्या गोळ्यांमुळे गेल्या का? आजवर झालेल्या चाचण्या पाहिल्या, तर गोळ्यांना हे श्रेय देता येत नाही. ते मुलीच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचं आहे. इतकं ठाम कशाच्या जोरावर म्हणता येतं, ते सविस्तर बघू.

आधी चामखीळ समजून घेऊ

मुलांच्या हातापायांवर येणारी साधी चामखीळ विषाणूमुळे होते. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हे त्या विषाणूंच्या कुळाचं नाव. या कुळात दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायांच्या चामखिळींमध्ये बहुतेक वेळा १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांचे प्रकार सापडतात. एचपीव्ही म्हटलं की हल्ली पालकांच्या पोटात गोळा येतो, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीमुळे हे नाव कानावर पडलेलं असतं. तो कर्करोग करणारे मुख्य प्रकार, १६ आणि १८, वेगळे आहेत. मुलाच्या अंगठ्यावरच्या खरखरीत चामखिळीचा त्या आजाराशी संबंध नाही. ही भीती मनातून काढून टाका.

चामखीळ संसर्गाने होते हे सिद्ध करणारा प्रयोग १९०७ सालचा. जुझेप्पे चुफ्फो या इटालियन डॉक्टरने चामखिळीचा अर्क काढला, जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून तो गाळला आणि स्वतःच्याच हातात टोचून घेतला. पुढे त्या जागी चामखीळ उगवली. म्हणजे जिवाणूहून लहान असं काहीतरी या आजाराचं मूळ आहे, हे दिसून आलं. हे साल लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

हा विषाणू शिरतो तो त्वचेवरच्या बारीक चिरांमधून. खरचटलेलं बोट, दातांनी कुरतडलेली नखांची कड, पाण्यात राहून मऊ पडलेला तळवा. आत शिरल्यावर तो त्वचेच्या वरच्या आवरणातल्या सर्वांत खालच्या पेशी गाठतो. या पेशी एरवीही हळूहळू वर सरकत असतात आणि शेवटी मृत होऊन झडतात. विषाणू त्यांच्यासोबत वर येतो, वाटेत आपल्या प्रती काढतो आणि पेशींना गरजेपेक्षा जास्त वाढायला लावतो. केराटिनचे थरावर थर साचतात. हीच चामखीळ. संसर्ग झाल्यापासून ती डोळ्यांना दिसेपर्यंत काही आठवडे जातात, बरेचदा काही महिने. त्यामुळे 'कुणाकडून लागली' याचा शोध घेत बसण्यात अर्थ नसतो. पालक पोहण्याच्या तलावाला दोष देतात, पण नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात घरातली माणसं आणि वर्गातली मुलं हे संसर्गाचे मोठे मार्ग दिसले.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हा विषाणू त्वचेच्या वरच्या आवरणातच राहतो, रक्तात उतरत नाही. पेशी फोडून बाहेर पडण्याची धांदलही तो करत नाही. ज्या पेशी तशाही मरणारच आहेत, त्यांच्याबरोबर तो झडून जातो आणि पुढचं सावज गाठतो. ना ताप, ना सूज, ना पू. परिणामी शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्याचा पत्ताच लागत नाही. महिनोन्‌महिने चामखीळ तशीच बसून राहते. मग कधीतरी, नेमकं कशामुळे ते सांगता येत नाही, रोगप्रतिकारक पेशी त्या विषाणूला ओळखतात. एकदा ओळख पटली की त्या एकाच चामखिळीवर थांबत नाहीत. शरीरावर जिथे जिथे तोच विषाणू आहे तिथे तिथे पोचतात. म्हणूनच वर्षभर जागच्या न हललेल्या सात-आठ चामखिळी दोन-तीन आठवड्यांत एकदम नाहीशा होतात. पाहणाऱ्याला हा चमत्कारच वाटणार. त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल, तो त्या घरात कायमचा रामबाण ठरतो.

चामखीळ ओळखायची कशी? मुलाचा हात दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, पुसा आणि उजेडात भिंगाखाली धरा. बोटांवरच्या ठशांच्या बारीक रेषा चामखिळीपर्यंत येतात आणि तिथे तुटतात, तिला वळसा घालून पुढे जातात. खरखरीत पृष्ठभागात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. अनेक जण त्यांना चामखिळीची 'मुळं' समजतात आणि सुईने काढायला जातात. ती मुळं नाहीत. चामखिळीला रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्यांत गोठलेलं ते रक्त असतं. तळपायाच्या चामखिळीची कुरुपाशी गल्लत होते तेव्हा हीच खूण कामी येते. कुरुपात त्वचेच्या रेषा आरपार जातात आणि काळे ठिपके नसतात. मोठ्या माणसांच्या मानेवर, काखेत लोंबणाऱ्या मऊ मांसल कणांनाही आपण चामखीळच म्हणतो, पण तो प्रकार साफ वेगळा. त्यांना या लेखातलं काहीही लागू नाही.

आपोआप जाण्याचं प्रमाण किती? नेदरलँड्समधल्या प्राथमिक शाळांतल्या ४ ते १२ वर्षांच्या सुमारे ११०० मुलांचे हातपाय संशोधकांनी तपासले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या दर तीन मुलांमागे एकाला चामखीळ होती. त्यांतल्या काहींनी औषध लावलं, पुष्कळांनी काहीच केलं नाही. वर्षभरात साधारण निम्म्या मुलांच्या सगळ्या चामखिळी गेल्या. वय जितकं लहान तितक्या त्या लवकर गेल्या, आणि गोऱ्या युरोपीय वर्णाच्या मुलांपेक्षा इतर वर्णांच्या मुलांत लवकर गेल्या. आपल्या मुलांसाठी ही चांगलीच बातमी म्हणायची.

'वर्षभरात निम्म्या' हा आकडा इथून पुढे हाताशी ठेवा. मुलांच्या चामखिळीवरचं कुठलंही औषध या आकड्याशी ताडून पाहायचं.

गोळीत काय असतं

होमिओपॅथीचा पाया झाम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरने घातला. जन्म १७५५ चा. 'समानाने समान बरे होते' हे आपलं सूत्र त्याने १७९६ मध्ये मांडलं आणि १८१० मध्ये 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ लिहिला. त्या काळी युरोपातले डॉक्टर रोग्याच्या नसा कापून रक्त काढत, पाऱ्याचे जबर डोस देत. हानेमानचं अगदी थोडं औषध त्या मानाने फारच दयाळू होतं आणि त्याचे रुग्ण त्या अघोरी उपचारांपासून वाचत होते, हे मान्य करायलाच हवं.

पुढे १८२८ मध्ये त्याने जुनाट आजारांची उपपत्ती मांडली. सोरा, सिफिलिस आणि सायकोसिस (हा मनोविकाराचा शब्द नव्हे) असे तीन मूळ दोष त्याने मानले. मोड आणि चामखिळींसारख्या वाढी सायकोसिसमधून येतात आणि त्यावरचं मुख्य औषध थुजा, असं त्याचं म्हणणं. आज कुठल्याही होमिओपॅथिक दवाखान्यात चामखिळीसाठी थुजा पहिल्यांदा आठवतं ते या परंपरेमुळे. चुफ्फोचा प्रयोग व्हायला तेव्हा आणखी ऐंशी वर्षं होती. चामखिळीमागे विषाणू आहे हे हानेमानला कळण्याचा मार्गच नव्हता.

थुजा म्हणजे थुजा ऑक्सिडेंटॅलिस, उत्तर अमेरिकेतलं सूचिपर्णी झाड. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात लावतात ती मोरपंखी त्याच्या नात्यातली, पण झाड निराळं. थुजाबरोबर इतरही औषधं आहेत. होमिओपॅथीच्या पुस्तकांत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, देठ असलेली चामखीळ असेल तर थुजा. नखांच्या कडेला, सहज रक्त येणारी असेल तर कॉस्टिकम. तळपायाची टणक असेल तर अँटिमोनियम क्रूडम. हाताच्या पाठीवर चपटी, गुळगुळीत असेल तर डल्कमारा. आणि मूल गुबगुबीत, डोक्याला घाम येणारं असेल तर कल्केरिया कार्ब असे ठोकताळे दिलेले असतात. डॉक्टर मुलाची झोप, भीती, खाण्याच्या आवडीनिवडी असं सगळं विचारतात. एरवी दवाखान्यात दोन मिनिटांत बाहेर पडणाऱ्या पालकांना हा अर्धा तास फार मोलाचा वाटतो, आणि ते साहजिक आहे.

आता '३० पोटन्सी' म्हणजे काय ते बघू. झाडाच्या पाल्यापासून केलेल्या मूळ अर्काला मदर टिंक्चर म्हणतात. त्याचा एक भाग घ्यायचा, त्यात ९९ भाग अल्कोहोल किंवा पाणी घालायचं आणि बाटली ठराविक पद्धतीने आपटायची. हानेमान त्यासाठी चामडी बांधणीच्या पुस्तकाचा वापर सुचवतो. ही झाली १ सी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भाग घातले की २ सी. असं तीस वेळा केलं की ३० सी. म्हणजे मूळ अर्क एकावर साठ शून्यं इतक्या पटीने पातळ झाला.

पदार्थ मात्र अमर्याद पातळ करता येत नाही, कारण तो रेणूंचा बनलेला असतो आणि रेणू मोजता येतात. साधारण १२ सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एकही रेणू शिल्लक असण्याची शक्यता जवळपास संपते. ३० सी चा हिशेब करून पाहा. मूळ अर्काच्या एका लिटरमध्ये औषधी द्रव्याचे सहा लाख कोटी कोटींहूनही कितीतरी जास्त, म्हणजे ६ वर २३ शून्यं इतके रेणू होते असं सढळ हाताने धरलं, तरी ३० सी मध्ये त्यातला एक रेणू मिळायला पृथ्वीच्या आकारमानाचे दीड लाख कोटी गोल भरतील इतकं द्रावण लागेल. रेणूंची संख्या मोजण्याचा पहिला अंदाज योहान लोशमिट याने १८६५ मध्ये बांधला. हानेमान १८४३ मध्येच वारला होता. त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण आज आपल्याला हा हिशेब माहीत आहे. मुलाच्या जिभेवर पडणारी गोळी साखरेची असते, तिच्यावर शिंपडलेलं अल्कोहोल उडून गेलेलं असतं, आणि थुजाचं त्यात काही उरलेलं नसतं.

यावर होमिओपॅथ म्हणतात की द्रवात औषधाची स्मृती किंवा ऊर्जा राहते. ठीक आहे, ती कशी राहते हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. काही राहत असेल तर मुलांच्या चामखिळी जास्त प्रमाणात जायला हव्यात. ते मोजता येतं, आणि मोजलंही गेलं आहे.

मोजल्यावर काय दिसलं

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात हातावर चामखिळी असलेल्या ६ ते १२ वर्षांच्या साठ मुलांवर एक चाचणी झाली. ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या मुलांना होमिओपॅथिक औषध, अर्ध्यांना दिसायला-चवीला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळालं हे मुलांना, पालकांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. ही चाचणी मला महत्त्वाची वाटते, कारण 'होमिओपॅथीत प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, सगळ्यांना एकच गोळी देऊन काय कळणार?' हा नेहमीचा आक्षेप तिला लागू होत नाही. प्रत्येक मुलाची प्रकृती विचारून त्याचं त्याचं औषध निवडलेलं होतं.

आठ आठवड्यांनी चामखिळींनी व्यापलेली जागा निम्म्याहून कमी झाली अशी मुलं औषधाच्या गटात ३० पैकी ९ निघाली आणि साखरेच्या गटात ३० पैकी ७. हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो इतका छोटा आहे. चामखिळी पूर्ण गेल्या अशी मुलं मात्र औषधाच्या गटात ५ होती आणि प्लासिबोच्या गटात १. होमिओपॅथीचे समर्थक या ५ विरुद्ध १ वर बोट ठेवतात. तो आकडा मीही लपवणार नाही. पण तीस-तीसच्या गटांत असे फरक योगायोगाने सहज पडतात, आणि त्यावर औषध गुणकारी ठरवणं धाडसाचं आहे.

का धाडसाचं, ते चिकटपट्टीच्या गोष्टीवरून कळेल. अमेरिकेत २००२ मध्ये ५१ मुलं आणि तरुणांवर एक चाचणी झाली. चामखिळीवर साधी डक्ट टेप चिकटवलेल्यांपैकी ८५ टक्के बरे झाले, आणि द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवलेल्यांपैकी ६० टक्के. जगभर बातम्या झाल्या, घरोघर टेप आल्या. मग नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांवर तोच उपाय जास्त काटेकोरपणे तपासला, तेव्हा टेपने १६ टक्के आणि नुसत्या गोल पट्टीने ६ टक्के मुलं बरी झाली. हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता आला नाही. तिथे तर एकूण बरे होण्याचं प्रमाण २००२ च्या चाचणीपेक्षा दोन्ही गटांत कितीतरी कमी निघालं. लहान चाचणीतला पहिला आनंदाचा आकडा पुन्हा तपासल्याशिवाय खरा धरायचा नसतो.

होमिओपॅथीची अशी दुसरी मोठी तपासणी कॅनडातल्या क्युबेकमध्ये झाली, १९९२ सालची. तळपायाच्या चामखिळी असलेले ६ ते ५९ वर्षांचे १७४ जण. थुजा ३० सीएच (सीएच म्हणजे वर सांगितलेलं सीच), अँटिमोनियम क्रूडम ७ सीएच आणि नायट्रिक ॲसिड ७ सीएच, सहा आठवडे. अठरा आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी २० टक्के बरे झाले होते आणि प्लासिबो घेतलेल्यांपैकी २४.४ टक्के. म्हणजे साखर किंचित पुढेच! अर्थात तोही योगायोगच. साखरेने चामखीळ जाते असं कुणी म्हणू नये.

चामखिळीपुरतं बोलायचं तर चित्र असं. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळ्या आजारांवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी सापडला नाही. आपल्याकडे होमिओपॅथीला १९७३ पासून केंद्रीय कायद्याने मान्यता आहे, २०२० मध्ये नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदाही आला, आयुष मंत्रालयात तिला जागा आहे. त्यामुळे 'सरकारमान्य आहे म्हणजे गुण येतच असणार' असा समज होतो. कायदा हे ठरवतो की कुणी शिकून कुठला व्यवसाय करावा. थुजाने चामखीळ जाते की नाही हे चाचणीच ठरवणार.

मग इतक्या घरांत गुण कसा आला?

माणूस उपाय शोधायला बाहेर पडतो तो त्रास वाढलेला असताना. चामखिळी एकाच्या पाच झाल्या, वर्गातली मुलं चिडवू लागली, तेव्हा डॉक्टरची वेळ घेतली जाते. तोवर विषाणूला अंगात शिरून कित्येक महिने झालेले असतात, म्हणजे शरीराला त्याची ओळख पटण्याची वेळही जवळ आलेली असते. होमिओपॅथीचा कोर्स तीन महिने, सहा महिने, वर्ष असा चालतो. एका दवाखान्यात शंभर मुलं आली आणि त्यांना काहीही दिलं, तरी वर्षाअखेर पन्नासएक पालक पेढे घेऊन येणार. उरलेले पन्नास तक्रार करायला परत येत नाहीत, ते दुसरीकडे जातात. डॉक्टरांना दिसतात ते पेढे. त्यांचा अनुभव खरा असतो, फक्त अर्धा असतो.

आणखी एक गंमत आहे, ती पालकांना फार चकवते. चामखीळ जाण्याआधी कधी कधी लाल होते, खाजते, सुजते, काळी पडते. प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूण असते. होमिओपॅथीत 'आधी आजार उफाळतो, मग बरा होतो' असं सांगितलेलं असतं. दोन्ही गोष्टी इतक्या चपखल जुळतात की गोळी लागू पडली याबद्दल शंकाच उरत नाही. गोळी न घेणाऱ्या मुलांतही हेच घडतं, ते मात्र कुणी टिपून ठेवत नाही.

'पण मुलं लहान, त्यांना कुठे माहीत काय औषध आहे? मग त्यांच्यावर मनाचा परिणाम कसा होईल?' असाही प्रश्न येतो. इथे मनाचा परिणाम गृहीत धरायची गरजच नाही. चामखीळ मुलाच्या विश्वासाची वाट बघत नाही. झुरिकचे त्वचारोगतज्ज्ञ ब्रूनो ब्लोख चामखिळीच्या रुग्णांना घरघरणाऱ्या यंत्रापुढे बसवत. त्या यंत्रातून कसलेही किरण बाहेर पडत नसत. १९२७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की त्यांच्यातले पुष्कळ बरे झाले. चामखिळीवरच्या उपायांचा इतिहास अशा यशांनी भरलेला आहे: चंद्रप्रकाश, पुरलेला बटाटा, घोड्याचा केस. प्रत्येकाचे साक्षीदार प्रामाणिक आहेत.

करायचं काय

सहा-सात वर्षांच्या मुलाला हातावर दोन-तीन चामखिळी आहेत, दुखत नाहीत, त्यालाही काही वाटत नाही. अशा वेळी काहीच न करणं हा पूर्ण शास्त्रीय उपचार आहे. त्वचारोगतज्ज्ञही तो सुचवतात. आपल्याला 'काहीतरी केलं पाहिजे' असं वाटत राहतं, हीच खरी अडचण. थुजाची गोळी ती पोकळी भरते. ती गोड असते, दुखत नाही, आणि ३० किंवा २०० पोटन्सीच्या गोळीने मुलाला इजा होण्याचा संभवही फारसा नाही. पण थुजाच्या मदर टिंक्चरचं तसं नाही. त्यात झाडाचा खरा अर्क असतो, थुजोन हे द्रव्य असतं, आणि ते जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. ती बाटली मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नका आणि पोटात देऊ नका.

औषध लावायचंच असेल तर सॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण. अनेक चाचण्या एकत्र तपासून कोक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. साधारण १७ टक्क्यांचं मिळतं, बरेचदा लॅक्टिक ॲसिडसोबत. वापरायची रीत नीट पाळली नाही तर गुण येत नाही, म्हणून ती तपशिलात सांगण्यासारखी आहे. रात्री झोपण्याआधी बोट कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायचं. वरचा पांढरा, मऊ पडलेला थर नखं घासायच्या कानशीने हलकेच घासायचा, रक्त येईपर्यंत नाही. ती कानशी मग दुसऱ्या कुठल्या नखावर वापरायची नाही. चामखिळीभोवती व्हॅसलिनचं कडं करायचं. दातकोरणीच्या टोकाने फक्त चामखिळीवर थेंब लावायचा, वाळू द्यायचा, वर पट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बारा आठवडे. बहुतेक घरांत हे तिसऱ्या आठवड्यात सुटतं आणि मग 'ॲलोपॅथीनेही काही झालं नाही' अशी तक्रार येते. चेहऱ्यावर आणि गुप्तांगाजवळ हे द्रावण कधीही लावायचं नाही, आणि मुलाला मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातपायांवरही नाही.

द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपाय स्किनच्या डॉक्टरांकडे होतो. नेदरलँड्समध्ये २५० जणांवर झालेल्या २०१० च्या चाचणीत हातांवरच्या साध्या चामखिळी १३ आठवड्यांत गोठवण्याने ४९ टक्क्यांच्या, सॅलिसिलिक ॲसिडने १५ टक्क्यांच्या आणि नुसतं थांबण्याने ८ टक्क्यांच्या गेल्या. तळपायाच्या चामखिळींत तिन्हींमध्ये ठळक फरक दिसला नाही. म्हणजे खऱ्या औषधांचेही आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत, आणि डॉक्टरांनी ते पालकांना आधीच सांगायला हवं. गोठवणं दुखतं, पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि आपल्या सावळ्या त्वचेवर पांढुरका किंवा काळसर डाग काही काळ राहू शकतो. पाच वर्षांच्या मुलाला चौघांनी धरून हे करण्याइतका चामखीळ हा आजार मोठा नाही. विजेने जाळून काढण्याची घाईही नको. व्रण राहतो, आणि आसपासच्या त्वचेत विषाणू उरला तर त्याच जागी ती परत येते.

घरगुती उपायांतले काही मात्र खरोखर घातक आहेत. बिब्बा आणि चुना-सोड्याने त्वचा भाजते. रुईचा चीक तर मुलांच्या जवळही आणू नका. हाताला लावलेला चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. उदबत्तीचा चटका, ब्लेडने कापणं, सुईने 'मूळ' काढणं यातून पू होतो आणि चामखिळी पसरतात. या सगळ्यांपुढे थुजाची गोळी हजार पटींनी बरी, हेही मी मोकळेपणाने म्हणेन. होमिओपॅथीबद्दलची माझी खरी काळजी चामखिळीची नाहीच. चामखिळीवर 'गुण आला' म्हणून तोच भरवसा पुढे मुलाच्या दम्यावर, न उतरणाऱ्या तापावर, लसीकरणावर ठेवला जातो, ती काळजी आहे. तिथे आपोआप बरं होण्याची वाट बघणं मुलाला महागात पडतं.

चामखीळ चेहऱ्यावर असेल, भराभर वाढत किंवा पसरत असेल, रक्त येत असेल, चालताना दुखत असेल, किंवा मूल कर्करोगाची, अवयव प्रत्यारोपणानंतरची अथवा दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधं घेत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गुप्तांगावर किंवा गुदद्वारापाशी चामखिळी दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांकडे न लाजता, न घाबरता जा. त्या मुलाच्या स्वतःच्या हातांवरून किंवा जन्माच्या वेळी आईकडून आलेल्या असू शकतात. क्वचित मुलाशी कुणी गैरवर्तन केल्याचीही ती खूण असते, म्हणून तपासणी टाळायची नाही. अशा वेळी घरात मुलाची उलटतपासणी घेऊ नका, ते काम अनुभवी डॉक्टरांना शांतपणे करू द्या.

बाकी हातावरच्या चामखिळीसाठी शाळा बुडवायची गरज नाही. पोहायला जाताना तिच्यावर पाणी न शिरणारी पट्टी लावा, पायाला असेल तर तलावाकाठी चप्पल घालू द्या. टॉवेल वेगळा ठेवा. मूल नखं खात असेल तर ती सवय सोडवण्यावर थोडी मेहनत घ्या, कारण नखांच्या कडेच्या चामखिळी तिथूनच वाढतात आणि त्याच सर्वांत चिवट असतात.